रजा नामंजूर व्हावी म्हणून

त्रेपन्न साली जांभूळ गावच्या जयदेवला विषमज्वराने श्रावणातच लोळवलं होतं, पण त्याच्या जिवाला घोर लागला होता तो रजेचा. अंबरनाथच्या कंगव्यांच्या कारखान्यातली त्याची भरपगारी रजा तशीच पडून होती. पुढच्या वैशाखात त्याच्या तुळशी नावाच्या लेकीचं लग्न. तोवर बरा होऊन तो कामावर असणार आणि लग्नाला हीच रजा घेणार. पण न घेतलेली रजा डिसेंबरअखेर बुडायची!

बायको गोदूबाई चौकशीला गेली तेव्हा चिंतामणी कारकुनाने तिला वाट दाखवली. "मागितलेली रजा साहेबांनी नाकारली, तरच ती पुढच्या वर्षात जाते. पण मागायची हजर कामगाराने. आजारी माणूस आधीच घरी, त्याला काय नाकारणार? एक दिवस हजर करा त्याला. नामंजूर करा, असं मी साहेबांना सांगून ठेवतो."

आता नियमापुढे कोण काय बोलणार! भावकीतल्या चौघांनी जयदेवला बाजेसकट उचललं आणि कारखान्यात नेलं. हजेरी लागली. बाज साहेबांच्या टेबलापुढे ठेवली.

"सायब, मना रजा पायजे," जयदेव कसाबसा म्हणाला.

साहेब भला माणूस, आणि जगातले निम्मे घोळ भल्या माणसांनीच घातलेत. जयदेवचा हाडांचा सापळा पाहून त्यांचे डोळे भरून आले. चिंतामणीने पढवलेलं सगळं ते विसरले. "याला नाकारू? मी काय राक्षस आहे? मंजूर! आजपासूनच!" त्यांनी सहीला टाक उचलला.

चिंतामणीने कपाळावर हात मारून घेतला. गोदूबाई हात जोडून म्हणाली, "सायब, दया करू नका ओ!" साहेबांना आणखीच गहिवरून आलं.

जयदेवच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो बाजेवरून उतरला, टेबलाशी गेला आणि साहेबांच्या हातातला टाक हिसकावून ओरडला, "मना रजा देव नका! माजे पोरीचा लगीन हाय!"

साहेब दचकले. त्यांनी त्याला नखशिखांत न्याहाळलं. चिंतामणीने संधी साधली. "माणूस चांगला धडधाकट दिसतोय, साहेब. शिवाय कामाची नड आहे."

"मग रजा कशाला? नामंजूर!"

गोदूबाईने कडाकडा बोटं मोडून साहेबांची दृष्ट काढली. नकार दिला म्हणून त्यांच्यावर एवढी माया आजवर कुणी केली नव्हती. भावकीतले चौघे एकमेकांच्या पाठी थोपटत होते. आपण आपल्या पायांवर उभे आहोत, हे जयदेवच्या तेव्हा कुठे ध्यानात आलं. त्याने टेबल घट्ट धरलं आणि सगळ्यांसमोर तो हमसून हमसून रडला.