लाल दिवा लागलेला असताना

गेल्या तीन वर्षांत मी दोनशेच्या वर आजारांनी आजारी पडले आणि एकदाही औषध घेतलं नाही. कामच ते आहे माझं. व्हिडिओवर तपासणाऱ्या डॉक्टरांकडे खोटी पेशंट बनून जायचं, पाठ केलेलं दुखणं सांगायचं आणि नंतर पन्नास गुणांच्या तक्त्यात त्यांना तोलायचं. आधीच्या गोळ्या विचारल्या का? धोक्याची लक्षणं विचारली का? पेशंटच्या नजरेला नजर देऊन बोलला का? नीट न विचारता औषध लिहून देणारा मला तिसऱ्या मिनिटाला ओळखू येतो. आमच्या अहवालांमुळे अशा दोन सेवा बंद पडल्या आहेत, आणि त्याचा मला माज होता.

माझ्या सोंगांचा जाच फक्त आईला. आम्ही दोघीच राहतो, खोली एकच मोठी. ती खिडकीपाशी खुर्चीत, मी तिच्याकडे पाठ करून टेबलाशी. सुरुवातीला एकदा मी पोटात कळा येतात म्हणून विव्हळत होते, तर ही मागून म्हणाली, "अगं, मगाशी तर ताट चाटूनपुसून जेवलीस!" तो कॉल फुकट गेला. मी आईला वाट्टेल ते बोलले आणि दुसऱ्या दिवशी टेबलावर लाल दिवा आणून ठेवला. दिवा लागला की घराला आग लागली तरी तिनं तोंड उघडायचं नाही. ती कुरकुरली, पण दिव्याचा नियम पाळू लागली.

त्या दिवशी माझे तीन कॉल होते: दहाला, साडेअकराला आणि एक वाजता. मधल्या वेळात मी तक्ते भरत बसले आणि दिवा बंद करायचा कंटाळा केला.

एकचा डॉक्टर तरुण होता, केस विस्कटलेले. "तीन आठवडे डोकं दुखतंय हो," मी कण्हले. चौथ्या मिनिटाला हळूच "कधी कधी एकाचे दोन दिसतात" म्हणायचं होतं. ते ऐकून जो दचकत नाही त्याचे दहा गुण जातात. पण या बाबाची नजर माझ्यावर ठरेचना. माझ्या कानाच्या बाजूला कुठंतरी बघत होता. मी मनातल्या मनात त्याचं नाव भिरभिऱ्या ठेवलं आणि पाच गुण कापले.

"तुमच्या मागे कोण बसलंय?" त्यानं विचारलं.

खोलीत आणखी कुणी आहे का, हा प्रश्न तक्त्यात आहेच. चला, दोन गुण दिले. "आई आहे. तिच्यासमोर बोललं तरी चालेल."

"त्यांना जरा हसायला सांगा."

"डोकं माझं दुखतंय, डॉक्टर."

"अहो, आधी मागे वळा!"

मी वळले. आईच्या मांडीवर मटारची परात होती आणि शेंगा जमिनीवर सांडल्या होत्या. उजव्या हातानं ती एकेक शेंग उचलून डाव्या हातात देत होती आणि डाव्या हातातून ती खाली पडत होती. तोंडाची डावी बाजू ओघळली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग दिव्याकडे.

माझी पाचावर धारण बसली. पक्षाघाताचं सोंग मी स्वतः केलेलं, त्याची सगळी लक्षणं मला तोंडपाठ, आणि आता एक शब्द आठवेना.

"दोन्ही हात वर करायला सांगा," डॉक्टर म्हणाला. डावा हात उठलाच नाही. "पाणी, गोळी, काही देऊ नका. तुमच्या नोंदीतल्या पत्त्यावर रुग्णवाहिका मागवलीय. निघालीसुद्धा."

नोंदीतला पत्ता शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका बंद गोदामाचा होता. कॉलमध्ये सोंग सोडायचं नाही, हा आमचा पहिला नियम.

"तो पत्ता खोटा आहे!" मी किंचाळले. "नाव खोटं आहे, डोकं दुखत नाही, सगळं खोटं आहे! आई तेवढी खरी आहे!"

भिरभिऱ्यानं पेन उचललं. "बरं. मग खरा पत्ता सांगा. सावकाश."

स्वतःच्या घराचा पत्ता मी दोनदा चुकीचा सांगितला.

रुग्णालयात पोचलो तेव्हा दोन वाजले होते. मेंदूचा फोटो काढून झाल्यावर डॉक्टरीणबाई धावतच बाहेर आल्या. "गुठळी आहे. ती विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं. उशीर झाला असेल तर त्याच इंजेक्शननं मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. आईंना शेवटचं ठीक कधी पाहिलंत?"

"मी सकाळपासून तिथंच होते," मी म्हणाले.

"तसं नको. घड्याळातली वेळ सांगा."

नऊला तिनं माझ्यासमोर चहाचा कप ठेवला होता. त्यानंतर मी वळून पाहिलंच नव्हतं. पाच हातांवर आई बसली होती आणि मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

"नऊ धरले तर वेळ गेली," बाई म्हणाल्या.

आई माझ्यामुळे जाणार, एवढंच डोक्यात घुमत होतं. आणि मग आठवलं: प्रत्येक कॉलचं रेकॉर्डिंग होतं, माझ्या बाजूचंही. पडद्यावरची माझी चौकट मी कागद चिकटवून झाकते, कारण स्वतःचं रडकं तोंड दिसलं की मला हसू येतं. रेकॉर्डिंगवर कागद नव्हता. मी फोन उघडला. दहाच्या कॉलमध्ये माझ्या खांद्यामागे आई दोन्ही हातांनी मटार सोलत होती. साडेअकराच्या कॉलमध्येही सोलत होती. अकरा बेचाळीसला तिचा डावा हात परातीच्या काठावरून घसरला.

"अकरा बेचाळीस!" मी फोन बाईंच्या तोंडासमोर धरला. त्यांनी ते दोनदा पाहिलं, माझी सही घेतली आणि आत पळाल्या.

पुढचं मी बघायला नको होतं. अकरा चव्वेचाळीसला आईनं बोलायला तोंड उघडलं. तिची नजर दिव्यावर गेली. तिनं उजव्या हाताचं बोट स्वतःच्याच ओठांवर ठेवलं आणि तशीच बसून राहिली. तिच्यापुढे मी गळा काढून सांगत होते, "घरात माझ्याकडे बघणारं कुणी नाही हो, डॉक्टर." त्या डॉक्टरनं माझ्या नजरेवरची नजर एकदाही हलवली नव्हती. त्याला मी पन्नासपैकी अठ्ठेचाळीस गुण दिले होते.

संध्याकाळी मला आत बोलावलं. आईच्या डाव्या हाताची दोन बोटं हलत होती. मी ती धरून रडले. असं बेंगरूळ मी कुठल्याच कॉलवर रडले नव्हते. आईनं डोळे उघडले. उशाशी यंत्रावर एक लाल ठिपका लुकलुकत होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि जड जिभेनं हळूच विचारलं,

"आता... बोलू का गं?"