पेन्सिलीनं वळवलेला कालवा

माणूस दारात उभा राहून गोड हसला की मी आधी त्याच्या चपला बघतो. चौतीस वर्षं कालवा निरीक्षक होतो. चपलांना ओला चिखल असला की समजायचं, गडी रात्री कालव्यात पाइप टाकून आलाय. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, बारामतीत घर बांधलं, पण नजर काही निवृत्त होत नाही. माझी बायको यशोदा म्हणते, "तुमाला दूधवाला पन चोर वाटतो." वाटतो. तो दूध घालताना माझ्याकडे बघत नाही.

अशा माणसाच्या घरात दर रविवारी दुपारी तीन जण येऊन लेकीच्या खोलीचं दार लावून बसायला लागले.

इरा आमची एकुलती एक. पुण्यातली नोकरी गेली आणि ठरलेलं लग्न त्याच महिन्यात मोडलं. घरी आली ती दीड वर्ष फाटकाबाहेर पडली नाही. जेवायला हाक मारली तर यायची, ताटाशी चाळा करून उठायची. मग कधीतरी ग्रंथालयातून पुस्तकं आणायला लागली आणि तिथं कामाला असलेली मोना तिची मैत्रीण झाली. मोनानं आपला मावसभाऊ अविराज आणला, अविराजनं इंदापूरचा दिग्विजय आणला. बंद दारामागून इराचं हसणं ऐकू यायला लागलं. दुसऱ्या कुठल्याही बापानं पेढे वाटले असते. मला संशय आला.

संशयाला कारणही मिळालं. एका रविवारी पाणी प्यायला म्हणून त्या दारावरून जात होतो. दोनदा गेलो, खोटं कशाला बोलू. आतून दिग्विजय म्हणाला, "विष माज्याकडं हाय. राजाच्या खिरीत घालू, कुनाला कळायचं न्हाय." ह्या दिग्विजयचं इंदापुरात औषधांचं दुकान. मी बाहेर जाऊन त्याच्या मोटारसायकलचा नंबर पेपरच्या कडेला लिहून ठेवला.

संध्याकाळी इराला विचारलं, "काय चालतं गं आत?"

"खेळ आहे, अप्पा. मी एक जग तयार करतेय. हे तिघं त्यात मोहिमेवर जाणार. पहिलीच मोहीम आहे माझी."

"जग तयार करतेस? हे काय कमी पडलं?"

ती हसली नाही. "बसता का एकदा? दाखवते."

"मला कामं हायत," म्हणालो. कामं कसली, डोंबलाची.

गुरुवारी ती आईबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली. टेबलावर तिची जाड वही होती. वही उघडीच होती असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगितलं. ती बंद होती.

वाचायला बसलो आणि पहिल्या दहा पानांत माझा सगळा तपास पाण्यात गेला. खरंच खेळ होता. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं. इरा गोष्ट सांगणार, पुढं काय करायचं ते पात्रांनी ठरवायचं, आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा सांगणार. मोना धनुर्धर होती. अविराज चोर. दिग्विजय वैद्य, म्हणून विष त्याच्याकडे. माझा जीव भांड्यात पडला. राज्याचं नाव कोरडगड. तिथलं पाणी आटलंय आणि ते कोण पळवतंय ते शोधायचं, अशी मोहीम. पुढच्या पानावर लाल शाईत गुपित होतं: पाणी पळवणारा दुसरातिसरा कुणी नसून गडाचा द्वारपालच आहे.

इथं वही मिटली असती तर ही गोष्टच झाली नसती. पण पुढच्या पानावर नकाशा होता.

काय सांगू. डोंगर, जंगल, सात गावं, प्रत्येक गावाला नाव, अगदी देवळं आणि बाजारसुद्धा. पोरीचा हात सुरेख आहे. आणि नदीतून कालवा काढला होता तो सरळ टेकडी चढून गडात. चढावर! माझी लेक, आणि पाणी चढावर नेते! कालव्याच्या भरावावर लहानाची मोठी झाली ही. मी पेन्सिल घेतली. फक्त हलकी रेघ मारणार होतो. कालवा डोंगराच्या पोटातून, सारख्या उंचीनं वळवला. मग जादा पाणी सोडायला दार नको का? ते काढलं. बाजूला उतार लिहिला. कालव्याचं शेवटचं टोक, ज्याला आम्ही टेल म्हणतो, ते जिथं संपत होतं तिथं एक आठवं गाव टाकलं, कारण टेलला गाव असतंच. तासभर गेला. इतका बरा तास निवृत्तीनंतर मला मिळाला नव्हता. फाटक वाजलं तशी वही मिटून जागेवर ठेवली. खोडायचं राहून गेलं.

शुक्रवारी इरा मोनाकडे गेली. येताना दिग्विजयनं तिला सोडलं आणि वही त्याच्या गाडीच्या बाजूच्या पेटीत राहिली. ती रविवारी त्यानंच आणून दिली.

त्या रविवारी मोहीम खरी सुरू झाली. उकाडा होता म्हणून चौघं बाहेरच्या खोलीत बसले. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत पेपर घेऊन. तासाभरात दिग्विजय म्हणाला, "मला ठाव हाय पानी कोन चोरतंय. द्वारपाल."

हे गुपित पाच-सहा रविवार पुरणार होतं. इरानं वही उघडली आणि नकाशाचं पान सगळ्यांसमोर धरलं.

"ह्यात कुणीतरी पेन्सिल चालवलीय," ती म्हणाली. "वही दोन दिवस कुणाकडं होती?"

दिग्विजयला आधी चेष्टा वाटली. "अगं, मी उघडली बी न्हाय."

"मग पेन्सिल आपोआप फिरली?"

"इरा, आईशप्पथ न्हाय."

"कुणीतरी वाचलंय. ज्यानं वाचलंय त्यानं सांगावं. मी काही बोलणार नाही. फक्त सांगावं."

मी पेपरमागे होतो. बाजारभावाचं पान होतं, डाळिंबाचा भाव मी चार वेळा वाचला. सांगायला दोन शब्द लागले असते. पण बापानं लेकीची वही चोरून वाचली, हे त्या तिघांच्या देखत कसं कबूल करायचं? मनात म्हटलं, निवळेल. पोरंच ती.

दिग्विजय उठला. चेहरा लाल झाला होता. गाडी सुरू करायला त्याला तीन किका लागल्या. मोना आणि अविराजही पाठोपाठ गेले.

पुढचा रविवार रिकामा गेला. इरा खोलीत. जेवायला आली, ताटाशी चाळा करून उठली. यशोदा ओट्यापाशी उभी राहून डोळ्याला पदर लावत म्हणाली, "पुन्यांदा तसंच सुरू झालं वो." तसं सुरू झालं नव्हतं, मी सुरू केलं होतं.

सोमवारी इंदापूरची एसटी पकडली. वाटेतलं लासुर्णे मागं पडेपर्यंत काय बोलायचं ते जुळवत होतो, पुढं जुळवणं सोडून दिलं. दिग्विजय दुकानात एका म्हातारीला गोळ्या कशा घ्यायच्या ते समजावत होता. ती गेल्यावर मी काउंटरपाशी गेलो.

"पेन्सिल माझी होती," म्हणालो.

त्यानं मला स्टूल दिलं, पाण्याची बाटली दिली. "ठाव हाय, काका. उतार लिव्हला व्हता एकास पाच हजार. मी औषधं इकतो. मला काय कळतंय त्यातलं?"

"मग द्वारपाल कसा ओळखलास?"

"आमचं गाव टेलला हाय. पानी न्हाय आलं की पयला संशय कालव्याच्या दारावरच्या मानसाचा, हे आमाला शिकवाय लागत न्हाय."

हे मला लागलं. मी कधी कुणाच्या वाट्याचा थेंब फिरवला नाही, पण तिथं ते सांगायची सोय नव्हती. मी म्हणालो, "तिचा राग धरू नको. तिला तुझाच संशय आला."

"काका," तो हळू म्हणाला, "ती बोलत व्हती माज्याशी, पन बघत व्हती तुमच्याकडं. सारा वेळ. तुमीच पेपर खाली घेतला न्हाय."

परतीच्या गाडीत शेजारी कोण बसलं होतं, मला सांगता येणार नाही.

घरी आलो तो सरळ तिच्या खोलीत गेलो. दार उघडं होतं तरी वाजवलं. "इरा, वही मी वाचली. नकाशाही मीच..."

"तुमचं अक्षर मला ओळखता येत नाही का, अप्पा?"

"मग त्या पोरावर कशाला आळ घेतलास?"

"दुसऱ्यावर येतंय म्हटल्यावर तरी तुम्ही बोलाल असं वाटलं." तिचा आवाज फाटला. "वाचलीत त्याचं काही नाही. कालवा छान काढलाय, मी तसाच ठेवणार होते. पण तुम्ही त्याला जाऊ दिलंत. आणि तुम्हाला पकडायच्या नादात मीही त्याला जाऊ दिलं. तुमच्यासारखंच केलं मी." आणि ती रडली. घरी आल्यापासून माझ्यासमोर एकदाही रडली नव्हती. डोक्यावर हात ठेवावा असं फार वाटलं. ठेवायचं धाडस झालं नाही.

तिनं माझ्यादेखत दिग्विजयला फोन लावला आणि माफी मागितली. तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही, मी विचारलंही नाही.

रविवारी तिघं आले. दिग्विजयनं मला नमस्कार केला. मी माझी खुर्ची भिंतीकडे सरकवत होतो तेवढ्यात इरा जवळ आली. आवाजात राग नव्हता, त्यामुळे जास्तच बोचलं.

"अप्पा, आज तुम्ही बाहेर जाऊन या. सहापर्यंत."

"कुठं जाऊ?"

"कुठंही. मला आज कुणाकडं बघावं लागायला नको."

यशोदेनं छत्री आणून हातात दिली, उन्हासाठी. मी चालत एसटी स्टँडवर गेलो आणि दौंडच्या फलाटासमोर बाकावर बसलो. चार तास. एका कंट्रोलरनं दोनदा विचारलं, "आबा, कुठं जायचंय?" मी म्हणालो, "कुठं न्हाय. घरनं हाकललंय." त्याला वाटलं मी चेष्टा करतोय.