वीतभर डावीकडे

नाचणगावच्या माजी सैनिकांनी गोल्फची स्पर्धा भरवली, तेव्हा गावाने पोट धरून हसून घेतलं. मैदान म्हणजे सोयाबीन निघालेलं वावर, काठ्या म्हणजे उलट्या धरलेल्या छत्र्या आणि भोकं म्हणजे जमिनीत पुरलेले चहाचे फौजी मग. पण पोटं सुटलेली ही मंडळी सकाळीच कडक इस्त्रीत, छातीवर मेडल लावून रांगेत उभी राहिली, आणि तो थाट पाहून हसणाऱ्यांचीही मान नकळत ताठ झाली.

आनंदाबाईचा जीव मात्र टांगणीला लागला होता. तिचा नवरा रूपराव कारगिलला लढलेला, तोफखान्यातला हवालदार. साखरेच्या आजाराने त्याचे डोळे गेले आणि त्याने घर धरलं. आज कुठे बाहेर पडला होता, तोही खेळायला! इथे हसं झालं तर हा माणूस पुन्हा उंबरठा ओलांडायचा नाही, हे ती पक्कं जाणून होती.

"रूपराव, दिसत नाई तर मारशील कसा?" स्पर्धा भरवणाऱ्या नानाजींनी विचारलं.

"तोफेवाल्याले निशाणा कधी दिसते का, नाना? डोंगरापलीकडे मारत होतो आम्ही. समोर लपलेला जवान सांगे, गोळा कुठं पडला ते. आज आनंदा सांगते."

पहिला चेंडू शेजारच्या तुरीत घुसला. "लय उजवीकडे गेला जी," आनंदाबाई म्हणाली. दुसरा मगाच्या पार पुढे. "जास्त झाला. लेकराले थापटते ना, तेवढ्याच हातानं मारा."

तिसरा घरंगळत आला आणि मगाजवळ थांबला. नानाजींचा पाय हळूच पुढे सरकला. चेंडू आत पडला आणि एकच गलका झाला, "जिंकला! रूपराव जिंकला!"

रूपरावाने त्या गलक्याकडे लक्षच दिलं नाही. "आनंदा, कुठं पडला?"

नानाजींनी तिच्यापुढे हात जोडले. बिचाऱ्याने मायेपोटीच केलं होतं. नुसतं 'आत' म्हटलं असतं तरी सगळं गोड झालं असतं. पण नवरा कान देऊन उभा होता, आणि तिच्या शब्दाशिवाय त्याच्याजवळ दुसरं काही नव्हतं.

"वीतभर डावीकडे," ती म्हणाली. "अंदर नानाजीच्या पायानं गेला."

रूपराव खदखदून हसला. डोळे गेल्यापासून त्याचं असं हसणं तिने ऐकलं नव्हतं.

"डोळे गेले तवापासून सारे मले गोडच सांगून राह्यले होते," तो म्हणाला. "नाना, काढ चेंडू. होता तिथंच ठेव."

नानाजींनी ओशाळून चेंडू काढला. रूपरावाने छत्री सावरली.

"हं, सांग आनंदा. कुठं मारू?"