टेबलावरची क्रेन

तिने रिमोटची दांडी डावीकडे ढकलली आणि क्रेनचा हात उजवीकडे फिरला.

पुन्हा ढकलली. पुन्हा उजवीकडे. मोटार सुरेल घरघरत होती, एकही गिअर अडत नव्हता, प्लास्टिकच्या ठोकळ्यांचा तो लांबलचक पिवळा हात जेवणाच्या टेबलावरून मोठ्या डौलात सरकत होता. फक्त भलत्या दिशेला. घारीने रिमोट खाली ठेवला, चष्मा काढून स्वेटरच्या बाहीला पुसला आणि स्वतःला एक सणसणीत शिवी हासडली.

घार हे नाव गोदीतलं. बंदराच्या गोदीत तिने जन्मभर क्रेन चालवली. तेवढ्या उंचावरच्या केबिनमधून खाली कोण काम करतंय आणि कोण नुसता हात हलवतंय ते तिला बरोबर दिसायचं, म्हणून हमालांनी ते नाव तिला चिकटवलं. निवृत्तीनंतर गोदी सुटली, नाव सुटलं नाही. आता इमारतीतली पोरंसुद्धा तिला घारआजी म्हणत, आणि तिला ते मनापासून आवडे.

चूक कुठे झाली हे तिला लगेच कळलं. पुस्तिकेतली चित्रं क्रेनकडे समोरून पाहणाऱ्यासाठी काढलेली होती. क्रेन तुमच्याकडे तोंड करून उभी, म्हणजे चित्रातली डावी बाजू ही खरं तर क्रेनची उजवी. कुठल्याही शाळकरी पोराच्या हे ध्यानात येतं. पण घार आयुष्यभर क्रेनच्या आत बसलेली. क्रेन समोरून कशी दिसते याच्याशी तिला कधी देणंघेणंच नव्हतं; तिच्या लेखी डावं म्हणजे केबिनमध्ये बसलेल्याचं डावं. हात फिरवणारा गिअर चित्रात डावीकडे दिसला, तिने तो निःशंक मनाने केबिनच्या डाव्या अंगाला बसवला, आणि त्यावर अख्खी क्रेन चढवली.

दांडी उलटी ढकलायची, एवढं लक्षात ठेवलं असतं तरी भागलं असतं. कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण डावीकडे म्हटल्यावर माल उजवीकडे गेला तर खाली माणूस मरतो, हे तिने गोदीतल्या नव्या चालकांना इतक्यांदा सुनावलं होतं, की आता स्वतःच्या टेबलावर तसली क्रेन उभी करणं तिच्याच्याने होईना. खाली माणूस नव्हता, मिठाची बाटली होती. तरीही नाही.

उकलायचं ठरलं. आणि तिथेच खरी अडचण होती.

गेल्या हिवाळ्यात न्हाणीघरात पाय घसरून ती पडली आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण अंगठा आणि शेजारची दोन बोटं कामाला रुजू झाली नाहीत. वाकत होती, दिसायला ठीक होती, नुसती पकड नव्हती. तेव्हापासून मुलाने धोशा लावला होता: हे घर बंद कर आणि आमच्याकडे राहायला ये. मुलगा शाळेत भूगोल शिकवायचा, स्वभावाने लोण्याहून मऊ. तो बोलत होता, पण त्याला बोलतं करणारी सून होती, हे तिघांनाही माहीत होतं. सून दातांची डॉक्टर. बोलणं मोजकं, हात हलका, आणि एकदा एखादी गोष्ट धरली की सोडायची नाही. प्लास्टरच्या दिवसांत ती रोज सकाळी येऊन सासूचे केस विंचरून जायची. त्यातच एकदा तिने दुधाचं पातेलं घारीच्या हातून सुटताना पाहिलं. फरशी पुसली आणि गेली. दुसऱ्या दिवसापासून मुलाचा धोशा सुरू झाला.

घारीला त्यांच्या घरी दुःख झालं असतं अशातला भाग नाही. खोली छान होती, खिडकी होती. पण ते त्यांचं घर होतं. तिथे कप कुठे ठेवायचा हेही तिला विचारावं लागलं असतं. चाळीस हात उंचावर एकटी बसून कुणालाही न विचारता जहाजं रिकामी केलेल्या बाईला आता हे शिकायचं नव्हतं.

व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने बोटांसाठी रबरी चेंडू दिला होता. तो दाबत बसणं घारीला फार अपमानाचं वाटे. मग एका दुपारी खेळण्यांच्या दुकानाच्या काचेत तिला ही क्रेन दिसली: भलामोठा खोका, मोटारी वेगळ्या, पुस्तिका चांगली जाडजूड. तिने खोका घरी आणवला आणि मुलाला फोन करून पैज सांगितली. ही क्रेन मी एकटी उभी करते, कुणाची मदत घेणार नाही. उभी राहिली आणि चालली, तर घर सोडायचा विषय कायमचा बंद. नाही चालली, तर मी बॅग भरते. मुलगा हसला. फोनवर जरा कुजबुज झाली आणि तो म्हणाला, नुसती चालून उपयोग नाही, चहाने भरलेला कप क्रेनने न सांडता टेबलाच्या या टोकाकडून त्या टोकाला नेला पाहिजे. ही अट कुणाची, हे घारीने विचारलं नाही. तिला ती आवडली. गोदीत अशी अट घालणाऱ्याला तिने कामावर ठेवून घेतलं असतं.

जोडताना डावा हात आणि उजवा तळवा यांच्यावर निभावलं होतं. पिन भोकावर टेकवायची आणि तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने, टेबलाच्या कडेवर रेटून, आत दाबायची. उकलताना मात्र रेटून भागत नाही, ओढावं लागतं. डाव्या हाताने ठोकळा धरला की पिन ओढायला उजवाच उरे. तिने चमच्याचा दांडा घालून पाहिला, तो सटकला. सुरी घालून पाहिली, ती ठोकळ्याला लागली. शेवटी तिने इकडेतिकडे पाहिलं, जणू घरात कुणी आहे, आणि पिन दातांत धरून मान मागे ओढली.

पिन टच्कन निघाली.

दात तिचे स्वतःचे होते, सगळेच्या सगळे, आणि याचा तिला अतोनात अभिमान होता. पुढच्या काही दुपारी तिने केबिन उतरवली, हात उतरवला, गिअर योग्य अंगाला आणला आणि सगळं पुन्हा चढवलं. पिनांच्या डोक्यांवर दातांचे वळ उमटले. जास्त चावलेल्या पिना तिने मागच्या बाजूला लावल्या. ही मदत ठरत नाही, दात काही शेजारणीचे नाहीत, असं तिने स्वतःला बजावलं. पण मुद्दा दातांचा नव्हताच. प्रश्न हातांचा होता, आणि त्या प्रश्नाला आपण वकिली उत्तर शोधलंय हे तिला पुरतं ठाऊक होतं. तरी तिने शीळ घालत शेवटची पिन दाबली. दांडी डावीकडे ढकलली. हात डावीकडे गेला.

रविवारी दोघं आली. मुलगा दारातच थबकला. क्रेनने टेबलाचा निम्मा भाग व्यापला होता, आणि हाताचं टोक दिव्याच्या झुंबराला जवळजवळ टेकत होतं. त्याने दोनदा "बाप रे" म्हटलं आणि कोट न काढताच क्रेनभोवती एक चक्कर मारली. सुनेने कोट काढला, त्याची घडी घातली, आणि ती टेबलाच्या पलीकडच्या टोकाला बसली.

कप झोळीत ठेवला. झोळी घारीने सुतळीची विणली होती, तीही डाव्या हाताने, आणि ती दिसायला अगदीच गबाळी होती. चहा मुलाने ओतला, आणि खट्याळपणे काठोकाठ ओतला.

"आई, अजून वेळ आहे. म्हणत असलीस तर थोडा कमी करतो."

"कोट काढून बस. डाग पडला तर मला बोलू नकोस."

तिने रिमोट डाव्या तळहातावर ठेवला आणि डाव्याच अंगठ्याने दांडी हलवली. दोर ताणला गेला, कप इंचभर उचलला गेला, थरथरला आणि स्थिरावला. तिने क्रेनचा हात फिरवायला सुरुवात केली, तसा कप मागे राहिला आणि मग झोका घेऊन पुढे आला. चहा काठाशी आला. नवखा चालक इथे घाबरून थांबतो, आणि थांबला की माल दुप्पट झोकांडतो. घार थांबली नाही. झोका पुढे जात होता तेवढ्यात तिने हातही पुढे नेला, त्याला बरोबर माथ्यावर गाठलं, आणि कप दोराखाली सरळ लोंबकळू लागला. या एका गोष्टीवर तिने आयुष्य काढलं होतं. क्रेन पोकळ ठोकळ्यांची होती म्हणून माल काही वेगळा वागत नव्हता. तिला इतकं बरं वाटलं की ती चक्क हसली.

कप मिठाच्या बाटलीवरून गेला, फुलदाणीला वळसा घालून गेला आणि सुनेसमोर बशीत उतरला. बशी कोरडी होती.

मुलाने टाळ्या वाजवल्या. मग आईला मिठी मारली, हरलो म्हणाला, आणि लगेच रिमोट मागितला. पुढचा बराच वेळ या भूगोलाच्या मास्तरांनी रिकामी झोळी वरखाली करण्यात घालवला. त्याला झोका काही आवरेना. घार त्याला खुर्चीत बसून ओरडत होती, आणि अशी मजा तिला कित्येक महिन्यांत आली नव्हती.

सून चहा पीत क्रेन पाहत होती. तिने चष्मा लावला. खाली वाकून तिने बुंध्याकडे पाहिलं, मग उठून मागच्या बाजूला गेली आणि एका पिनेच्या डोक्यावरून नख फिरवलं. दुसऱ्या पिनेवरूनही. दिवसभर माणसांच्या तोंडात वाकून पाहणारी बाई ती. वरचा डावीकडचा दात जरासा आडवा असलेली माणसं जगात पुष्कळ असतील, पण सासूच्या त्या दाताचा ठसा तिने स्वतः, दवाखान्याच्या खुर्चीत, साच्यात घेतलेला होता. तिने मान वर केली. घार तिच्याकडेच पाहत होती.

"काय बघतेस एवढं?" मुलाने विचारलं.

"काही नाही," सून म्हणाली. "जोडणी पक्की आहे."

थोड्या वेळाने मुलगा गाडी दाराशी आणायला खाली गेला. दोघीच उरल्या. मोटार बंद होती.

"आई, पक्कड वापरायची होती," सून हळूच म्हणाली.

घारीला उडवून लावता आलं असतं. तिच्या जिभेवर दोन-तीन उत्तरं तयार होती. पण समोरच्या बाईने नवऱ्यापुढे तोंड मिटून घेतलं होतं, आणि अशा माणसाशी खोटं बोलणं तिला जमलं नाही.

"पक्कड धरायला अंगठा लागतो."

हे तिने डॉक्टरला सांगितलं नव्हतं, व्यायामवाल्या मुलीला सांगितलं नव्हतं. सांगून झाल्यावर तिला वाटलं, संपलं. आता ही म्हणेल, मग बॅग भरू या. सुनेने तिच्या उजव्या हाताकडे पाहिलं. मग कप गोळा केले आणि स्वयंपाकघरात गेली. नळ वाहिल्याचा आवाज आला, बंद झाला. दोन कपांना लागावा त्याहून कितीतरी जास्त वेळ ती आत होती. घार खुर्चीतून उठली नाही.

मुलगा धापा टाकत वर आला.

"मग, विषय बंद? उद्या पुन्हा माझं डोकं खाऊ नका दोघी."

"बंद," आतून सुनेचा आवाज आला.

ती हात पुसत बाहेर आली, घडी उलगडून कोट घातला, आणि निघताना नेहमीसारखी सासूच्या खांद्याला ओझरता हात लावून गेली. बुधवारी दवाखाना लवकर सुटतो, तेव्हा डोकावेन म्हणाली. घारीने गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत खिडकीतून पाहिलं.

मग तिला स्वतःसाठी चहा करावासा वाटला. मघाचा सगळा त्या दोघांनी प्यायला होता. तिने पाणी ठेवलं, साखरेची बरणी काखेत आवळली, आणि नेहमीप्रमाणे डाव्या हाताने सगळा जोर लावून झाकण पिळलं. झाकण अलगद हातात आलं. जोर वाया गेला आणि साखर ओट्यावर उडाली.

मग तिने चहापुडीचा डबा ओढला. मिठाचा. डाळीची बरणी, तांदळाची, कॉफीची, तेलाची बाटली, वरच्या फळीवरचा मुरंब्याची बरणीही. सगळी झाकणं नुसती आट्यांवर टेकवलेली होती, बोटाने ढकललं तरी फिरतील इतकी सैल.

राग यायला हवा होता. तिने वाट पाहिली, पण तो आला नाही. पाणी उकळायला लागलं होतं. घारीने ओट्यावरची साखर तळव्याने गोळा केली, चमचाभर आधणात टाकली, आणि बरणीवर झाकण ठेवताना ते नुसतं ठेवलं, फिरवलं नाही.