बनियनमध्ये फुललेला भात

तैवानच्या ताइनान शहरातील आमच्या गल्लीच्या देवळात त्या पौर्णिमेला पाय ठेवायला जागा नव्हती. देवऋषी खो एकेक गाठोडे सोडत होता आणि प्रत्येकातून फुललेला भात निघत होता: हिरवा, काळा, मखमली.

लेकरू घाबरले की त्याच्या कपड्यात कोरड्या तांदळाची वाटी गुंडाळून देवापुढे ओवाळायची, ही आमची जुनी रीत. खोने तीत सुधारणा केली होती. तांदूळ वाफवलेला हवा आणि गाठोडे पौर्णिमेपर्यंत आजाऱ्याच्या उशाशी हवे.

"काळी फुलं म्हणजे रक्तातला आजार!" लू खुन-हायचे गाठोडे सोडून खो ओरडला. " मुळासकट बाहेर आलाय. आता सुया टोचाल तर देवाचा अपमान!"

खुन-हाय ते पुन्हा बांधून थेट इस्पितळात गेला. त्याची मुलगी यि-छेन हिला रक्ताचा कर्करोग होता. औषधांच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात ती घरी होती, गाठोडे उशाशी होते, तेव्हाच ताप चढला. आता तिच्या हृदयात बुरशीची गाठ दिसत होती आणि शस्त्रक्रियेसाठी बापाची सही हवी होती.

"सही नाही करणार, डॉक्टरबाई. आजार निघाला. हा बघा."

"उघडू नका!" डॉक्टर वेंग मागे सरल्या. मग त्यांनी गाठोड्याकडे निरखून पाहिले. "ही बनियन कुणाची? यि-छेनच्या तर गुडघ्यापर्यंत येईल."

"अरेच्चा. थोरल्याची दिसते. घाईत दोरीवरून ओढली."

"तो आजारी आहे?"

"तो? परवाच शर्यत जिंकला गाढव."

"मग हा आजार कुणाचा निघाला?"

खुन-हायने देवऋषीला फोन लावला.

"भावंडं एकाच रक्ताची!" खो गरजला. "एकाचं दुसऱ्यातून निघतं!"

"मग सुया थोरल्याला टोचू का, महाराज?"

फोन बंद झाला.

"ओला भात आणि बंद गाठोडं, बुरशीला एवढं पुरतं," डॉक्टर म्हणाल्या. "आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिला गिळून टाकतात. यि-छेनकडे त्या उरलेल्याच नाहीत. बुरशी श्वासातून आत जाते, रक्तातून हृदयात."

"म्हणजे मीच..."

"ठामपणे नाही सांगता येणार. ती हवेतही असते. पण उशाशी वाढवायला नको होती. सही करा."

त्याने केली. गाठ निघाली. यि-छेन जगली, औषधे अजून चालू आहेत.

शस्त्रक्रियेत सुरी देवानेच धरली होती, असे खोने देवळाच्या अंगणात जाहीर केले. लोकांनी हात जोडले. माझे देवाशी भांडण नाही. एवढेच सांगतो: चमत्कार दाखवणाऱ्याला तोच चमत्कार आधी धडधाकट माणसावर करायला सांगा. तिथेही तो घडला, तर आजाराशी त्याचा संबंधच नव्हता आणि आजाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही. आणि हे विचारायला उशीर करू नका. तेवढ्या वेळात लेकराचा ताप वाढत असतो.