वडाला टांगलेलं गोणपाट

खंड्यानं सकाळीच मार खाल्ला होता. त्यामुळे माधुरीनं गळ्यात दोरी अडकवली तरी तो उठेना, नुसती शेपटी आपटत राहिला.

"न्ये त्याला," चुलीपुढून सासूबाई म्हणाल्या. त्यांचे हात भाकरीत होते, डोळे नातीवर. "वडाकडं एकली जाऊ नगं. आन् पोरीला कडंवरनं उतरवू नगं, लई काटं हायती."

"आई, ते बिबट्याचं म्हणतात, ते इकडं नाही ना?"

"त्यो तिकडं पुनतांब्याच्या अंगाला, उसात. आपल्या माळाला येऊन काय धोंडं खाईल?"

माधुरी हसली. शहरात, सावेडीच्या ब्लॉकमध्ये दोन वर्षांच्या निकितानं झाड म्हणून पाहिली ती कुंडीतली तुळस. उद्या सकाळच्या एस्टीनं परत जायचं, त्याआधी लेकीला हा वड दाखवायचाच होता. पणजोबांच्या पणजोबांनीही म्हाताराच पाहिलेला, पारंब्यांचे बुंधे होत होत अर्धं शिवार व्यापून बसलेला.

दारात तिचा दीर जालिंदर बसला होता. "वहिनी, त्याला तिथं मोकळा सोडू नका. जारंची चटक लागलीय भाड्याला."

गाय परवा व्याली होती. गाय व्याली की तिची जार, म्हणजे वासरामागून पडणारी वार, गोणपाटात बांधून वडाला टांगायची. वडाला चीक तसं गाईला दूध. कुत्र्यानं त्यात तोंड घातलं की गाय आटते, असं घरात सगळेच मानत. आणि आज सकाळी खंड्या वडाखाली गोणपाटाची चिंधी चाटताना सापडला होता.

उन्हं कलली होती. बांधापर्यंत खंड्या पुढं होता, ओढ्यापाशी पायात घोटाळू लागला, ओढा ओलांडल्यावर मागं राहिला. "चल रे राजा, तुला कोणी मारणार नाही," माधुरी म्हणाली. मार आठवत असेल बिचाऱ्याला, असं वाटून तिनं दोरी हळूच ओढली.

वड लांबूनच अंगावर आला. आत शिरल्यावर ऊन मागंच राहिलं. लालभडक फळांनी फांद्या लगडल्या होत्या आणि एकही साळुंकी बोलत नव्हती.

"झोका!" निकितानं पारंबीकडं हात केला आणि कडेवरून घसरलीच. सासूबाईंचं बोलणं माधुरीच्या डोक्यातून गेलं होतं. पायातले वाळे वाजवत पोर बुंध्याकडं धावली.

खंड्यानं दोरीला हिसका दिला, झेप घेतली आणि निकिताचा फ्रॉक दातात धरला. पोर आपटली, रडू लागली. तो गुरगुरत होता.

"सोड! सोड म्हणते ना!" माधुरीनं हात उगारला.

उगारलेल्या हातावर थेंब पडला. चिकट, पांढरा.

तिनं वर पाहिलं. दोन पुरुष उंचीवर गोणपाट फांदीला तसंच होतं. गाठ पक्की. खालचा भाग तेवढा उभा चिरलेला, धांदोट्या लोंबत होत्या. आणि बुंध्यावर, खालपासून वरच्या अंधारापर्यंत, चार-चार रेघांचे ओरखडे. त्यातून चीक अजून ओघळत होता. सुकलाच नव्हता.

खंड्या निकिताकडं बघत नव्हता. तोही वरच बघत होता.

माधुरीनं लेकीला उचलून छातीशी दाबलं. पळावंसं वाटलं, पण पाठ फिरवायचं धाडस होईना. "हम्माकडं जायचं ना आपण? वासरू बघायचं ना?" ती बोबड्या सुरात बोलत राहिली आणि एकेक पाऊल मागं घेत राहिली. स्वतःचा आवाज तिला परका वाटत होता. वर कुठंतरी फांदी करकरली. दोरी हातातून कधी सुटली, कळलं नाही.

"खंड्या, ये!"

तो आला नाही. चारी पाय रोवून मध्येच उभा राहिला.

ओढ्यापर्यंत भुंकणं ऐकू येत होतं. बांधावरही येत होतं. अंगणात शिरताना माधुरीच्या लक्षात आलं, की आपल्याला फक्त वाळेच ऐकू येताहेत.

"कुत्रं कुठंय?" जालिंदरनं काठी उचलली. "परत त्या गोणपाटाशी बसलं व्हय? थांबा, आज त्येला..."

"भावजी," माधुरीला धड श्वास घेता येत नव्हता. "किती उंच बांधलं होतं हो तुम्ही?"

"उंच म्हंजी? बैलगाडीवर हुबा ऱ्हायलो आन् असा हात—"

त्यानं हात वर करून दाखवला. आणि तो हात तसाच वर राहिला.