पाठमोऱ्या सोंगट्या

"त्यांना सांग, मी इथे खेळायला आलो नाहीये," धाकटा म्हणाला. 'त्यांना' म्हणजे अण्णांना, म्हणजे स्वतःच्या सख्ख्या बापाला. ते त्याच्यापासून हातभर अंतरावर बसले होते.

"आणि त्याला सांग," अण्णा म्हणाले, "मी पण काही हौसेने बसलो नाहीये."

ताईने दोघांच्या मध्ये खोका आपटला. "एक डाव. मग काय भांडायचं ते भांडा."

ताई खेळण्यांच्या दुकानात विक्रीला होती. सापशिडी किंवा बुद्धिबळ मागायला आलेल्या गिऱ्हाइकाला ती सुखासुखी सोडत नसे. "घरात कोण कोण आहे?" असं आधी विचारी आणि मग वरच्या फळीवरून कुणी नावही न ऐकलेला खोका काढून देई. नवरा-बायकोचं पटत नसेल तर एक, पोरं रडकी असतील तर दुसरा. मालक कपाळाला हात लावी, पण लोक परत येऊन तिचेच गुण गात. त्यामुळे तिच्या डोक्यात एक खूळ शिरलं होतं, की प्रत्येक घराला एक खेळ असतोच, फक्त तो सापडावा लागतो.

दुकानातलं हे शहाणपण तिने घरी आणलं ते मात्र नाइलाजाने. तिची बदली लांबच्या शाखेत झाली होती. कंबरेचं हाड मोडल्यापासून अण्णा एकटे राहू शकत नव्हते. धाकट्याने त्यांना ठेवून घेतलं तर ठीक, नाहीतर तिला नोकरीवर पाणी सोडावं लागणार होतं. आणि धाकटा तर आई गेल्यापासून अण्णांशी एक शब्द बोलला नव्हता.

"नीट ऐका. आपल्या सोंगट्यांची पाठ आपल्याकडे ठेवायची. म्हणजे आपला रंग दुसऱ्यांना दिसतो, आपल्याला नाही. डावीकडच्याने तो सांगायचा, आपण त्या रंगाच्या रांगेत सोंगटी ठेवायची. तिसऱ्याने मध्ये तोंड घालायचं नाही. तीन चुका झाल्या की सगळे हरले. जिंकलो तरी सगळेच."

"सगळे जिंकले म्हणजे कुणीच जिंकलं नाही," अण्णा पुटपुटले. त्यांचा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला होता. लिफ्ट वर जाते नाहीतर खाली जाते, अधलंमधलं त्यांना मंजूर नव्हतं.

अण्णांच्या डावीकडे ताईने मुद्दाम धाकट्याला बसवलं होतं. त्याने तोंड उघडल्याशिवाय डाव पुढे सरकणारच नव्हता.

सुरुवात तर झकास झाली. "लाल," धाकटा म्हणाला, आणि ती खरंच लाल होती. "निळी." तीही बरोबर. तो अण्णांशी बोलत होता, रंगांपुरतं का होईना! ताईला इतका आनंद झाला की स्वतःची पाळी आल्याचंही तिला कळलं नाही.

मग धाकटा म्हणाला, "पिवळी."

सोंगटी हिरवी होती. ताईला ढळढळीत दिसत होती, पण नियम तिनेच सांगितला होता. अण्णांनी ती पिवळ्या रांगेत ठेवली. एक चूक.

"अरेरे," धाकटा म्हणाला. चेहऱ्यावर अरेरे कुठेच नव्हतं.

पुढे एका फेरीला त्याने सांगितलं, "लाल." लाल सोंगट्या चारच असतात आणि चारही पटावर पडलेल्या होत्या. अण्णांनी पटाकडे बघितलं, पोराकडे बघितलं आणि सोंगटी मुकाट्याने लाल रांगेत ठेवली. ती निळी निघाली.

ताईचा पारा चढला. "अरे, तूही हरतोयस! कळतंय का तुला?"

"हरू दे. त्यांना हरताना बघायला मिळतंय, मला तेवढं पुरे." आता तो थेट अण्णांकडे वळला. "कसं वाटतं? समोरच्याला सगळं दिसतंय, आणि तो खरं सांगत नाही! आईचं दुखणं तुम्हाला माहीत होतं. हिला माहीत होतं. मी फोन केला की 'बरी आहे, झोपलीय.' मला बोलावलंत ते ती गेल्यावर."

ताईची मान खाली गेली. अण्णांनी तिला बजावलं होतं आणि तिने ऐकलं होतं.

"तुझी नोकरी नवीन होती," अण्णा म्हणाले.

"मी विचारलं होतं का नोकरीचं?" धाकट्याने पट उधळून दिला. सोंगट्या खाटेखाली गेल्या आणि तो चपला अडकवून बाहेर पडला.

ताई रडकुंडीला येऊन सोंगट्या गोळा करू लागली. नोकरी आता गेल्यात जमा होती.

"लाल संपल्या होत्या," अण्णा हळूच म्हणाले. "मला कळलं होतं."

"मग ठेवलीत कशाला?"

"म्हटलं, त्याला एवढं तरी करू द्यावं. पण हे त्याला सांगू नकोस हं."

ताई ताडकन उठली. "पुन्हा तेच? सांगू नकोस, सांगू नकोस करूनच हे झालंय ना, अण्णा! जा, तुमच्या तोंडाने सांगा."

अण्णा उठले. भिंत धरत धरत जिन्याच्या तोंडाशी गेले. धाकटा बराच खाली पोचला होता.

"अरे ए!" ते ओरडले. "लाल नव्हती ती, माहीत होतं मला! आणि आईचं तुला सांगायला हवं होतं. चुकलो मी."

खालची पावलं थांबली.

"मंगळवारी गाडी घेऊन येतो," खालून तो खेकसला. "सामान बांधून ठेवा. माझ्याशी बोलायचं मात्र नाही."

"बरं," अण्णा म्हणाले.

खालचं दार आपटलं. अण्णा कठडा घट्ट धरून रिकाम्या जिन्याकडे बघत राहिले.

"नाही बोलत," ते म्हणाले.